रोजची गोळी विसरू नये म्हणून तुम्ही काय करता? (आकडीच्या गोळ्या, दिवसातून दोनदा)

रानजाई | मंगळवार, रात्री १०:४०

गौरी जेवल्या त्या रात्री आमच्याकडे झिम्मा-फुगडी तीन वाजेपर्यंत चालली. सकाळी सात वाजता मी ओट्यापाशी चहा गाळत होते. पुढचं आठवतं ते थेट फरशीवरचं: तोंडात रक्ताची चव, डोक्याखाली कुणाचा तरी हात आणि नाकाशी धरलेली चप्पल. चार वर्षं दोन महिन्यांनी मला पुन्हा आकडी आली.

मी ३४ वर्षांची, नाशिकजवळच्या एका शाळेत शिकवते. अपस्मार पंधराव्या वर्षापासून. लेव्हेटिरासेटाम ५००, सकाळी एक, रात्री एक. या गोळीच्या आधारावर बी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. म्हणूनच स्वतःचा फार राग येतोय. गोळी घरात होती आणि मी ती घेतली नाही.

झालं असं. गौरी आल्या त्या दिवशी घरात सतरा माणसं. रात्रीची गोळी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रिप हातात घेतली तर सहा घरं रिकामी. सहावी आत्ताच अर्धवट झोपेत घेतली की ती कालची, काही केल्या आठवेना. दोनदा पोटात जायला नको म्हणून घेतली नाही. त्या रात्रीची घेतली ती दीड वाजता, दोन फुगड्यांच्या मधे. जागरण होतंच. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आकडी यायला एवढं पुरेसं आहे.

रोज आठवण कशी ठेवता? आणि 'घेतली की नाही' असा संशय आला तर काय करता? अलार्म लावून झाला. सकाळी आठला मी वर्गावर असते, रात्री आठला पोळ्या लाटत असते. अलार्म बंद करते, हातातलं काम उरकते आणि गोळी राहते ती राहतेच. गोळ्या कपाटात साड्यांच्या मागे असतात. तिथवर जाईपर्यंत दुसरं काहीतरी निघतं.

ओसरी | मंगळवार, रात्री ११:०५

रानजाई, आधी जिभेला लागलंय ते बरं होऊ दे. मऊ भात खा.

माझी थायरॉइडची गोळी ११ वर्षं चालू आहे. रात्री झोपताना उशाशी तांब्या-भांडं ठेवते आणि भांड्याला टेकून गोळ्यांची बाटली. उठल्यावर पाणी प्यायचंच असतं, त्याच घोटाबरोबर गोळी जाते. चहा तासाभराने. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणात, कारण या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं असं मला सांगितलंय. आठवण अशी वेगळी ठेवावीच लागत नाही, तहान लागते तेव्हा बाटली दिसते. एखाद दिवस राहिली तर आठवेल तेव्हा घेते, काही बिघडलेलं नाही आजवर.

मेडिकलवाले काका | बुधवार, सकाळी ७:१५

मी ३१ वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. डॉक्टर नाही, पण गोळ्या घेणारी माणसं रोज पाहिली आहेत.

ओसरीताई, तुमचं शेवटचं वाक्य तुमच्या गोळीपुरतं खरं आहे. रानजाईने ते स्वतःला लावून घेऊ नये. थायरॉइडच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. एक दिवस चुकला तर साठा टिकून असतो. लेव्हेटिरासेटाम मोठ्या माणसाच्या रक्तात सहा ते आठ तासांतच निम्म्यावर येतं. पुढच्या तेवढ्याच तासांत त्याच्याही निम्मं. चोवीस तास गेले की आठव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरतं. म्हणून ती गोळी दोनदा असते, आणि म्हणूनच चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे 'नाश्त्याला आणि जेवणाला' असं धरायचं नाही. ते बारा-बारा तास आहेत. सकाळी सातला आणि रात्री दीडला घेतली तर मधे साडेअठरा तास जातात.

संशयाबद्दल. रिकाम्या घरावर पेनाने वार लिही. गोळी दाबून काढण्याआधी लिही, नंतर नाही. 'बु. स.' म्हणजे बुधवार सकाळ. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी कालनिर्णयवर दुधाच्या लिटरशेजारीच गोळीची टिंब काढायच्या, सकाळचं वर, रात्रीचं खाली. दुधाचा हिशेब कधी चुकत नाही, त्यामुळे गोळीचाही चुकला नाही.

आणि 'घेतली की नाही' हे ठरवायची वेळ सकाळची घाईची नसते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: विसरले आणि चार तासांनी आठवलं तर काय, दुसऱ्या डोसच्या जवळ आठवलं तर काय, गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय. उत्तरं त्यांच्याच अक्षरात फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घे. प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं असतं. राहिलेली भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत, एवढं मात्र बहुतेक सगळ्यांना लागू.

जलद_लोकल | बुधवार, सकाळी ९:५०

वार लिहायची कल्पना आजपासून. बीपीची गोळी मी महिन्यातून दोनदा तरी 'घेतली असेल' म्हणून सोडून देतो.

प्रवरेकाठचा | बुधवार, दुपारी १:३०

अलार्मबद्दल थोडं वेगळं. वडील संगमनेरला, मी पुण्यात. त्यांना साखरेसाठी सकाळी ग्लिमेपिराइड आहे. मी मोठ्या हौसेने साडेआठचा अलार्म लावून दिला. अलार्म वाजला की गोळी, असं ते शिस्तीने करू लागले. एके दिवशी आई दळण आणायला गेली, तिथे लाइट गेली, ती अकराला आली. वडिलांनी गोळी वेळेवर घेतलेली आणि पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. आई आली तेव्हा ते घामाने थबथबलेले, हात थरथरतायत, बोलणं जड. शेजारच्या काकूंनी गुळाचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून ती गोळी घड्याळाला बांधलेली नाही, ताटाला बांधली आहे. ताट वाढून समोर आलं की आई गोळी देते. अलार्म आता आईच्या फोनवर आहे, आणि तो स्वयंपाकाला लागायचा आहे.

आईला स्ट्रिपवरचं इंग्रजी वाचता येत नाही. मी प्लॅस्टिकच्या दोन डब्या आणल्या, एकीवर मार्करने सूर्य काढला, दुसरीवर चंद्र. ज्या गोळीआधी जेवण हवंच, तिच्या स्ट्रिपला लाल रबर. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, म्हणून नवीन स्ट्रिप आली की ती मला व्हिडिओ कॉलवर दाखवते आणि मगच रबर चढतं. हे सगळं त्या एका सकाळच्या भीतीतून आलं आहे.

दिवेलागण | बुधवार, संध्याकाळी ६:५०

माझी हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची. रक्त पातळ राहायची गोळी आयुष्यभर. ती चुकली तर झडपेवर गुठळी होऊ शकते, जास्त झाली तर रक्तस्राव. नऊ वर्षं झाली.

मला पहिल्या वर्षी रात्री झोपताना घ्यायला सांगितलं होतं. तीन-चार वेळा तशीच झोप लागली आणि सकाळी जाग आली ती पोटात गोळा येऊन. मग डॉक्टरांना विचारून वेळ संध्याकाळी दिव्याची केली. दिवा लावला, गोळी घेतली, वहीत खूण केली. याचा खरा फायदा असा की दिव्याच्या वेळी चुकली तरी रात्र हातात असते. जेवताना आठवते, अंथरूण घालताना आठवते. दिवसातल्या शेवटच्या क्षणावर गोळी टाकली की चूक सुधारायला वेळच उरत नाही.

वहीत राहिलेल्या दिवशी फुली मारतो आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची तपासणी) करायला जाताना वही बरोबर नेतो. पूर्वी लाज वाटून सांगायचो नाही. मग रिपोर्ट खाली दिसला की डॉक्टर डोस वाढवायचे आणि पुढच्या वेळी तो भलताच वर जायचा. फुली दाखवली की त्यांना कळतं, औषध कमी पडलेलं नाही, माणूस चुकला आहे.

सह्याद्रीवारा | बुधवार, रात्री ९:२०

चार वर्षं आकडी नव्हती म्हणजे बऱ्या झाल्याच होतात ना? या गोळ्यांची शरीराला सवय लागते. माझ्या मावशीने सोडून दिल्या, तिला काही झालं नाही. विचार करा.

शेवंती_२२ | बुधवार, रात्री १०:१०

सह्याद्रीवारा, तुमच्या मावशींना आकडी आली नाही याचा मला मनापासून आनंद आहे. पण कृपा करून हा सल्ला इथे देऊ नका. दोन किंवा जास्त वर्षं आकडी नसेल तर डॉक्टर गोळी कमी करण्याचा विचार करू शकतात, हे खरं. पण आजार कोणत्या प्रकारचा, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) काय म्हणतो, हे पाहून, आणि कमी करायची तीही काही महिन्यांत, पायरीपायरीने. एकदम सोडली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात. मी हे भोगलं आहे. विसाव्या वर्षी स्वतःच्या मनाने सोडल्या आणि चार दिवस आयसीयूत होते.

रानजाई, मला २२ वर्षं झाली या आजाराला. तुझं सगळं वाचलं आणि एकाच ठिकाणी अडले. गोळ्या साड्यांच्या मागे का गं?

रानजाई | बुधवार, रात्री ११:३०

शेवंतीताई, हा प्रश्न कुणीतरी विचारेल असं वाटलंच होतं.

नवऱ्याला माहीत आहे, लग्नाआधी सांगितलं होतं. सासूबाईंना 'मायग्रेनच्या गोळ्या' असं सांगितलंय. आमच्या लग्नाच्या बोलण्याच्या वेळी माझ्या आईनेच सांगितलं होतं, मुलाला सांग पण घरात नको, गोळ्या आत ठेवत जा. ती वाईट नाही हो. तिने माझी दोन स्थळं मोडलेली पाहिली होती. सहा वर्षं मी गोळी घेताना खोलीचं दार लावते. गौरींच्या दिवशी त्या खोलीत नणंदेची मुलं झोपली होती, म्हणून दिवा लावून कपाट उघडायचं टाळलं. 'नंतर घेऊ' म्हटलं. तीच राहिली.

हे आत्ता लिहिताना पहिल्यांदा असं ओळीने दिसलं.

शेवंती_२२ | गुरुवार, सकाळी ६:४०

मग तुझी स्मरणशक्ती बरी आहे. सतरा माणसांच्या घरात बंद दाराआड घ्यायची गोळी कुणाचीही राहील. जी वस्तू डोळ्यांपुढे नाही तिची आठवण ठेवायचं सगळं ओझं तू एकटी वाहते आहेस. आठवण करून देणारं दुसरं कुणी नाही, कारण कुणाला माहीतच नाही.

मी वकिली करते म्हणून एक गोष्ट सांगते. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. तुझ्या आईने ज्या काळात हे शिकलं तेव्हा कायदाच तसा होता. तिची भीती हवेतून आलेली नव्हती. पण आता तो कायदा नाही.

आणि सासूबाईंनी पाहिलंच आहे आता. चप्पल त्यांनीच धरली असेल, तर त्यांनाही काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांना सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालू नका, चप्पल-कांदा नको, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. हे न सांगता त्या घरात तू सुरक्षित नाहीस. पुण्यात संवेदना फाउंडेशन अपस्मार असणाऱ्यांसाठी काम करतं, तिथे अशा सासवा आणि सुनांची कितीतरी बोलणी झाली आहेत. एकदा संपर्क कर.

स्कूटर चालवतेस का? लायसनच्या फॉर्ममध्येच आकडीबद्दल प्रश्न असतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावू नकोस.

निळी_छत्री | गुरुवार, सकाळी ११:००

शेवंतीताईंच्या 'दुसरं कुणी नाही' या वाक्यावरून. मला टीबी झाला होता, तेव्हा सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं मिळायची. गोळी दाबून बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसायचा. त्या नंबरला फुकटचा कॉल करायचा, कुणी उचलत नाही, फक्त नोंद होते की आज गोळी घेतली. ९९डॉट्स म्हणतात त्याला. एकट्याने खोलीवर राहत होतो. रोज कुठेतरी माझी नोंद होतेय, दोन दिवस कॉल गेला नाही तर कुणीतरी विचारेल, या एका जाणिवेवर मी ते महिने काढले. विचारणारं माणूस हवं. ओरडणारं नको.

आता आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे, तर काकांना विचारायचं होतं, ती आठवड्याच्या डबीत ठेवली तर चालेल का?

मेडिकलवाले काका | गुरुवार, दुपारी ४:४५

निळी छत्री, बरं झालं विचारलंत. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच असते. सवयीने रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावू शकतो. रोजच्या डबीत ती ठेवू नका. वेगळ्या डबीवर वाराचं नाव पूर्ण अक्षरी लिहा, 'रविवार' असं, नुसतं 'र' नको. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. दोन्ही गोळ्या बारीक आणि पिवळ्या असू शकतात, फसगत तिथेच होते.

डबीबद्दल आणखी. सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून ठेवण्यासारख्या नसतात. आकडीवर दिली जाणारी सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला दमटपणा ओढते. कोकणात पावसाळ्यात तर बघायलाच नको. ती फॉइलसकट कात्रीने कापून खणात ठेवावी. डबी फ्रिजवर नको, तिथे ऊब असते. गॅसजवळ नको, बाथरूममध्ये नको.

रानजाई, आठ दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक असू देत. शेवटच्या दोन स्ट्रिप उरल्या की त्याच दिवशी नवीन आण. आणि आकडीच्या गोळीची कंपनी दुकानदाराने बदलून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

न्यूजर्सीकर | गुरुवार, रात्री ८:१५

'स्वतःचा राग येतोय' हे वाचून लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे. निम्मे लोक चुकतात. त्यात माझे वडीलही. इकडे आले तेव्हा साडेनऊ तासांच्या फरकात त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचा सगळा गोंधळ उडाला होता. प्रवासाआधी डॉक्टरांकडून नव्या वेळा लिहून घ्यायला हव्या होत्या, ते मला सुचलं नाही.

रानजाई | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. आधी गोष्टी घडू द्यायच्या होत्या.

डॉक्टरांना विचारून वेळ सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा केली. शाळेला निघण्याआधी एक, दिव्याच्या वेळी एक. दिवेलागण, तुमचं म्हणणं मला फार उपयोगी पडलं. या सात आठवड्यांत एकदा संध्याकाळची चुकली, भाजी निवडत बसले होते, ती पावणेनऊला आठवली आणि फाइलवर लिहिल्याप्रमाणे घेतली. काकांची तिन्ही उत्तरं पहिल्या पानावर आहेत, डॉक्टरांच्याच अक्षरात. पेन स्ट्रिपला रबराने बांधलंय. स्कूटर बंद आहे, सहकारी शिक्षिकेबरोबर जाते. तिला कारण सांगितलं.

सासूबाईंशी बोलले. नवरा बरोबर बसला होता. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सहा वर्षं तू आत जाऊन दार लावायचीस, मला वाटायचं माझ्यावर रागावतेस." एवढंच बोलल्या आणि उठून गेल्या. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी देवघराखालच्या फडताळात त्यांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी जागा केलेली दिसली. आता माझी डबी तिथे असते. हरतालिकेचा निर्जळी उपवास पुढच्या वर्षी नको, हे त्यांनीच काढलं. दर वर्षी त्या रात्रीची गोळी मी टाळत होते, हे मी इथे लिहिलं नव्हतं. घरीही त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

सगळं सोपं झालेलं नाही. त्या आता दर तासाला "बरी आहेस ना" विचारतात, आणि मी एकटी गच्चीवर गेले तर मागून येतात. त्यावर बोलावं लागेल.

आज लिहायचं कारण वेगळं. भाऊबीजेला माहेरी आले आहे. एक स्ट्रिप पर्समध्ये, एक बॅगेत, काकांच्या हिशेबाने आठ दिवसांच्या जास्त. संध्याकाळी डबी माठाशेजारी काढून ठेवली तर आई पटकन म्हणाली, "आत ठेव गं, मामा-मामी यायचेत." मी म्हटलं, "आई, राहू दे." ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, करंज्या तळत राहिली. मामा-मामी आले, फराळाला बसले. साडेसहा झाले तसं तिने माठातून भांडं भरलं आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं.